रंगाखालचा पत्रा

रविवार, २१ एप्रिल. उस्मानपुरा.

आज माठ घेताना तो बोटानं ठोकून बघत होतो, तर विमल हसली, "अहो, माठ हाय तो. जहाज नाय." नौदल सोडून इथं येऊन बसलो, तरी हाताची खोड काही जात नाही.

तेव्हापासून चैन नाही, जहाजच डोक्यात घोळतंय. नौदलात आमच्यासोबत शिकायला आलेला एका बेटाच्या देशाचा दोस्त आता तिथल्या चिमुकल्या नौदलात मोठा साहेब झालाय. त्यांची जहाजं म्हातारी झालीत. उद्या त्याला मत कळवायचंय. आहेत तीच दुरुस्त करायची, दोन लहान नवी बांधायची, की एक मोठा देश आपलं वापरलेलं जहाज फुकट देतोय ते घ्यायचं? तिथं सगळ्यांचं एकच, धर्माच्या गाईचे दात कशाला बघायचे!

मला त्या फुकटच्या जहाजाचे नुसते फोटो पाठवलेत. रंग काय चकाकतोय! पण साहेबांची पाहणी आली की गंजावरच रंग फासायचा, ही रीत कुठल्या नौदलात नाही? रंगाखालचा पत्रा कुणी ठोकून बघितलाय का?

मघापासून पुन्हा पुन्हा उठून माठाखाली हात फिरवतोय. विमल वैतागली, "नवा माठ हाय, पाझरणारच की!"

पाझरू दे. माठात कुणी झोपत नाही; जहाजात पोरं झोपतात.