मिठाच्या रस्त्यावरची करवत

बाबा,

आज मी करवत धुतली. तुम्ही धुवायचात तशीच, खालून सुरुवात करून. आधी चाकं आणि त्यांच्यामधला दांडा, मग गाडीला अडकवायचा आकडा, मग लांब लोखंडी पट्ट्यांची पोटाकडची बाजू, आणि लोकांच्या डोळ्यांना दिसतो तो भाग सगळ्यात शेवटी. पाणी गारच घेतलं. बोटं बधिर झाली तेव्हा एकदा घरात जाऊन हात नळाखाली धरले आणि परत आले. शेजाऱ्यांचीच ती करवत, ट्रेलरवर बसवलेली, गाडीमागून ओढत न्यायची आणि शेतकऱ्याच्या अंगणात उभी करून त्याच्याच ओंडक्यांच्या फळ्या काढून द्यायच्या. तुम्ही त्यांना शेठ म्हणायचात आणि ते तुम्हाला माइस्टर. माइस्टर म्हणजे आपल्याकडचा मिस्त्रीच, असं मी सांगितलं त्या दिवशी तुम्ही आमटी दोनदा मागून घेतली होतीत. आता शेठ ऐंशीच्या पुढे गेले, गुडघे संपले. या शरदात त्यांनी करवतीची किल्ली माझ्या हातात ठेवली. ठेवताना काय विचारलं ते पुढे लिहिते, कारण त्याच्याशिवाय हे पत्र लिहायला मी बसलेच नसते.

तुमच्या वखारीतली करवत मला अजून वासासकट आठवते. खाडी मागच्या कुंपणाला लागून, वाऱ्यात कायम मीठ. मी शाळेतून डबा घेऊन यायची तेव्हा तुम्ही फडकं आणि तेलाचा डबा घेऊन करवतीचा दातेरी पट्टा पुसत असायचात. बाकीचे कामगार हात धुऊन निघालेले, आणि तुम्ही मागे. मालक चेष्टा करायचे, मिस्त्रींनी मशीनशी लग्न लावलंय म्हणून. आईला ती चेष्टा मुळीच आवडायची नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. मग वखार बंद पडली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आई गेली. काकी मला फोनवर सांगायची, तुझे बाबा घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून बसलेत, आता शेजारच्या घरांच्या बिजागऱ्या बघतायत. आम्ही दोघी हसायचो. मी फोन ठेवून रडायची. म्हणून तुम्हाला इथे आणलं, तीन महिन्यांसाठी, ऐन थंडीत, कारण मला तेव्हाच रजा जुळत होती.

पहिल्या आठवड्यात तुम्ही नुसते खिडकीशी बसून होतात. इंगोलश्टाट शहराच्या बाहेरचं आमचं गाव, दुपारी चारला अंधार, रस्त्यावर कुत्रं दिसायची मारामार. मग एका सकाळी मीठ टाकणारी गाडी गेली. बर्फ वितळावा म्हणून हे लोक रस्त्यावर मीठ फेकतात, असं मी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेना. माझ्या नवऱ्याचा कोट चढवून, त्याच्या बाह्या दुमडून तुम्ही खाली गेलात आणि रस्त्यावरचा एक खडा उचलून जिभेला लावलात. मी वरून बघत होते. शरमेने अर्धी झाले होते आणि हसूही आवरत नव्हतं. त्याच दिवशी दुपारी शेजाऱ्यांची करवत कुठल्याशा शेतावरून परत आली, चाकांपासून वरपर्यंत पांढरी. ती तशीच अंगणात सोडून ते जेवायला गेलेले बघितलं आणि तुम्ही मला म्हणालात, "अगो, बादली कुठे आहे? या माणसाला कळत नाही काय, हे मीठ लोखंड खाईल."

पुढचे सहा आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, बाबा. ते चालू असताना मला ते कळलं नाही. भाषा एक नाही, आणि तुम्ही दोघं म्हातारे तासन् तास त्या मशीनभोवती. ते आल्झो, आल्झो, म्हणजे तर मग, तर मग, करायचे, तुम्ही हां, बरोबर, म्हणायचात, आणि काम पुढे सरकायचं. झाडं थंडीत पाडतात, त्यामुळे फळ्या काढायचा हंगामही हाच. शनिवारी ते तुम्हाला शेतावर घेऊन जायचे. तुम्ही कानावर भुसा घेऊन परत यायचात. जेवण वाढलं, आवाज वाढला, मला टाकून बोलायलाही लागलात. मी गाड्यांच्या सुट्या भागांवर मिठाच्या पाण्याचा फवारा मारून ते किती दिवसांत गंजतात हे बघायची नोकरी करते, हे ऐकून तुम्ही विचारलंत की एवढं शिकून फडकं मारायचं कुणालाच सुचलं नाही काय. एकदा बर्फ येणार म्हणून मी मदतीला आले आणि करवतीवर ताडपत्री जमिनीपर्यंत गच्च आवळून बांधली. तुम्ही मला ओरडलात. आत घाम धरेल, खालून वारा जायला जागा ठेव, म्हणालात, आणि सगळ्या गाठी सोडून परत बांधायला लावल्यात. पस्तिशीच्या बाईला शेजाऱ्यांसमोर ओरडा बसला, आणि मला इतकं बरं वाटलं. माझे बाबा परत आले होते.

आणि मग ती टाकी. तुमच्या वखारीत पट्टा तापू नये म्हणून त्यावर पाणी सोडायचा डबा असायचा. काम संपलं की शेवटच्या माणसाने तो भरून ठेवायचा; सकाळी येणाऱ्याला भांडं रिकामं दिसू नये. घरीसुद्धा आपण तसंच करायचो, निजायच्या आधी पिण्याचं पिंप भरून. त्या शुक्रवारी तुम्ही करवत धुतलीत, पुसलीत, पट्टा सैल करून तेल लावलंत, आणि दुसऱ्या दिवशी लांब जायचं होतं म्हणून त्या करवतीची पाण्याची टाकी काठोकाठ भरून ठेवलीत. मिठाचं तुम्हाला सगळं माहीत होतं. गारठ्याचं कुणी सांगायलाच हवं होतं, पण ते काम माझं होतं आणि मला सुचलं नाही. शेजाऱ्यांनाही सुचलं नाही, कारण थंडीत टाकी कुणी भरून ठेवेल हे इथे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. सकाळी पारा उणे चौदावर होता. पाणी गोठून टाकी तडकली होती, पंप फुटला होता, नळी मधून उभी उकलली होती.

शेजाऱ्यांनी ते बघितलं, खांदे उडवले, आणि शेतकऱ्याला फोन करायला आत गेले. ते चिडले नव्हते. चिडले मी. आम्हाला या गावात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला तरी मला झोप लागायची नाही. ते परत बाहेर आले तेव्हा मी त्यांच्यासमोर तुम्हाला म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? ही तुमची वखार नाही, बाबा."

तुम्ही एवढंच म्हणालात, "सकाळच्या माणसाला रिकामी नको म्हणून भरली." मग हातातलं फडकं घडी करून करवतीवर ठेवलंत आणि घरात गेलात. त्यानंतर तुम्ही अंगणात उतरला नाहीत. खिडकीशी बसायचात, पण खुर्ची फिरवून, पाठ काचेकडे करून. दोन दिवसांनी मी जेवताना म्हटलं की थंडी तुम्हाला मानवत नाहीये, तिकीट अलीकडचं करू का. तुम्ही ताटातून मान वर न करता बरं म्हणालात. मी ते तिकीट त्याच दुपारी, विचारायच्या आधीच, बदलून टाकलं होतं.

गावी तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की थंडी सोसवेना, म्हणून मीच आलो, पोरगी थांबा थांबा म्हणत होती. काकीने मला हे तेराव्याला सांगितलं, किती कौतुक करायचे गो तुझं, म्हणून. त्याच श्रावणात तुम्ही गेलात, रिकाम्या घरात, आणि मी तिकडे पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. त्याला आता तेरा वर्षं झाली. लोकांना वाटतं की परदेशी राहणाऱ्या मुलीला शेवटी पोचता आलं नाही याचं दुःख असतं. ते आहेच. पण मला त्या उकललेल्या नळीचं जास्त आहे.

या शरदात किल्ली देताना शेजाऱ्यांनी मला विचारलं, तुझे वडील आमच्याकडे कंटाळले होते का. इतकी वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं होतं. मी नाही म्हणाले. मग का गेले, असं ते म्हणाले आणि मी किल्ली घेऊन घरी आले. त्यांना दिलं नाही ते उत्तर तुम्हाला देते. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्या दाराशी आले होते. हातात नवा पंप होता, खोक्यातून काढलेला, मला दाखवायला आणला होता. "माइस्टरना सांग, शनिवारी सकाळी सातला निघायचं." एवढंच म्हणाले, हसून. तुम्ही आतल्या खोलीत बॅगेत स्वेटर भरत होतात. मी त्यांना सांगितलं की बाबांनाच घरी जायचंय, त्यांचं मन लागत नाही. मला भीती वाटली की तुम्ही थांबतो म्हणाल. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, बाबा. मी हाक मारली नाही.