दहा ते बावीस

प्रिय विश्वजीत,

लेन्स ठरली. हिंजवडीहून सदाशिव पेठेत कॅमेरा कुरिअरने पाठवणारा तूच. तेव्हा मीही पत्रानेच कळवते.

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्समध्ये आपली खोली मावत नाही. आई येते, खिडकी राहते. दुकानदाराने दोन वाइड अँगल दाखवल्या. एक ठरावीक कोनाची, हलकी, चित्र लख्ख. दुसरी झूम, दहा मिलिमीटरपासून बावीसपर्यंत. दहावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं येतं. बावीसकडे फिरवत नेलं की दोन्ही कडा आत सरकतात. मी दहावरच रेंगाळले तेव्हा त्याने विचारलं, बाई, फ्लॅट विकायला काढलाय का, बिल्डर लोक हीच नेतात. मग म्हणाला, माणसं मात्र कडेला उभी करू नका, चेहरे ताणले जातात.

अण्णा बरे आहेत. त्यांच्या टायपिंग क्लासची खोली बंदच असते. तू चांगल्या मनाने केलंस हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ते लग्नाला सोलापूरला गेले असताना टाइपरायटर विकून संगणक मांडलेस, नवी पाटी लावलीस, दाराला हार घातलास. त्यांनी पाटी वाचली आणि चप्पल न काढताच वळले. तेव्हापासून ते त्या खोलीत गेले नाहीत, तू घरी आला नाहीस. संगणकांवर आईने जुन्या साड्या घातल्यात.

तिला एकसष्टीला काही नको. सगळ्यांचा एक फोटो हवा. कपाटाच्या काचेत तिने दोन लावलेत, एक अण्णांबरोबरचा, एक तुझ्याबरोबरचा. दोन्हींत ती शेजारी जागा सोडून उभी आहे. अण्णांना विचारलं, विश्वजीतला बोलावू का. म्हणाले, साहेबांना सवड असली तर अडवणारे आपण कोण. आई म्हणाली, अहो, एकदा तरी सरळ बोला. मग त्यांनी विचारलं, क्लासमधला फळा आहे की तोही विकला? आहे म्हटलं.

म्हणून मी झूम घेतली. रविवारी सकाळी ये. फोटो त्याच खोलीत काढायचा. आई मध्ये, अण्णा फळ्यापाशी, तू पार खिडकीशी. बोलायचं नाही, जवळ यायचं नाही. पहिला फोटो दहावर काढीन. दोघंही ताणलेले दिसाल, दिसा. मग लेन्स थोडी फिरवीन आणि म्हणेन, तुम्ही दोघं कडेला कापले जाताय, जरा आत या. पुन्हा थोडी फिरवीन. फोटो काढणाऱ्याचं अण्णासुद्धा ऐकतात. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण मी आत या म्हटल्यावर आधी तू सरकायचं आहेस.

वाट पाहणारी तुझीच,
तनुजाताई