दोनदा दिवे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कवळ्या बनवण्याचा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. हृदयाची खात्री डॉक्टर देत नाहीत. डोक्याची मी देतो. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

कलम १. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावं. स्वयंपाकघरातल्या डावीकडच्या कपाटाचं दार उघडताना जरा वर उचलावं लागतं. तिच्या आईला ते जमायचं. तिला जाऊन नऊ वर्षं झाली, मला अजून जमलेलं नाही.

कलम २. कवळ्या घासायचं यंत्र, मेणाच्या सुऱ्या आणि साचे माझ्या निवृत्तीनंतर कवळ्यांची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंना द्यावेत. केसाएवढा फरक त्यांच्या बोटांना कळतो.

कलम ३. इमारतीच्या सेक्रेटरींना माझ्या गाडीचा जुना सायलेन्सर द्यावा. त्याच्या आवाजाबद्दल त्यांनी अकरा तक्रारअर्ज केले. "या वयात ही टवाळ पोरांची गाडी?" असं ते जिन्यात सगळ्यांदेखत म्हणाले होते. वाहतूक पोलीसही गाडी अडवून आत वाकून बघायचे, आणि पांढरे केस दिसले की त्यांचा विरस व्हायचा. लाल रंग, दोन दारं, बसका बांधा आणि बेताची किंमत, एवढ्यावरून लोक माणूस ओळखतात: उडाणटप्पू आणि खिशाने फाटका. बायको म्हणायची, "गरिबाची रेसगाडी आहे तुमची." पण वळणावर कशालाही न धरता निवांत बसणारी ती एकटीच होती.

कलम ४. गाडी. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल.

आम्हा असल्या गाड्यावाल्यांचा एक रिवाज आहे. समोरून तसलीच गाडी आली की ओळख असो वा नसो, दिवे दोनदा मारायचे. समोरच्यानेही दोनदा मारून उत्तर द्यायचं. लेक लहान असताना लांबूनच ओरडायची, "बाबा, आपली!" दिव्यांचा दांडा मग मी तिलाच ओढू द्यायचो. हा मान मात्र फक्त आपल्यांना, टर्बोवाल्यांना नाही. त्यांचा वेग पंख्याने हवा फुंकून फुगवलेला, आमचा इंजिनाच्या पोटातला, असं मी तीस वर्षं छाती पुढे काढून सांगत आलो. लोकांनी आम्हाला नावं ठेवली, आम्ही टर्बोवाल्यांना ठेवली.

लेकीने स्वतःच्या कमाईतून पहिली गाडी घेतली ती निळी, आणि टर्बो. मला दाखवायला घेऊन येत होती. पुलावर आम्ही समोरासमोर आलो. तिने दिवे दोनदा मारले. माझ्या शेजारी माझ्या गाडीचा मिस्त्री बसला होता, सगळे त्याला पाना म्हणतात. तो म्हणाला, "अरे, तुझी लेक!" मी म्हणालो, "टर्बोला आपण उत्तर देत नाही." पाना हसेल म्हणून मी हात स्टिअरिंगवरच ठेवला. पाना हसला नाही.

ती घरी आलीच नाही. संध्याकाळी फोन आला.

"बाबा, मी दिसले नाही का?"

"दिसलीस की."

"मग?"

मी नियम सांगितला. ती "बरं" म्हणाली.

त्याला सहा वर्षं झाली. ती भांडलेली नाही. दर महिन्याला येते, गोळ्यांचा डबा भरून देते, पण येते ती बसने. निळी गाडी मी पुन्हा पाहिलेली नाही. फाटकाशी उभा राहून येणारी-जाणारी प्रत्येक निळी गाडी मात्र बघतो. मला तिची फार आठवण येते, ती समोर बसलेली असतानासुद्धा. हे तिला सांगायचं ठरवतो आणि ऐनवेळी गोळ्यांच्या वेळा विचारतो.

तर, गाडी लेकीला द्यावी. माझ्यामागे पानाने ती तिच्या दारी न्यावी, दिवे दोनदा मारावेत आणि किल्ली तिच्या हातात ठेवावी.

कलम ५. साक्षीदारांना काही देता येत नाही, असं वकील म्हणतात. त्यामुळे पानाला काही नाही. एरवीही तो माझं काही घेत नाही.

दुरुस्ती: कलम ४ मधलं शेवटचं वाक्य रद्द. ते वाचून दुसरे साक्षीदार, शेजारचे दंतवैद्य (टर्बोवाले, तरी माणूस सज्जन), म्हणाले, "काका, ती तीन तासांवर राहते. एवढ्यासाठी मरायची काय गरज आहे?" मी दोघांना गाडीत बसवलं. गाडी लेकीचीच, दिवे मी स्वतः मारतो.

साक्षीदार १: पाना मिस्त्री, शेजारच्या सीटवर. सही.

साक्षीदार २: दंतवैद्य, मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला टेकवून. सही.

दिनांक: १४ नोव्हेंबर, रविवार, सकाळचे अकरा.

ठिकाण: लेकीच्या इमारतीसमोर, गाडीत. दिवे दोनदा मारले आहेत. ती खाली आली आहे, आणि सरळ निळ्या गाडीत जाऊन बसली आहे. सही वाकडी आली तर चालवून घ्यावी, माझी नजर तिच्या दिव्यांवर आहे.