चिखलातलं भुजंगप्रयात

प्रिय सरकार,

लेकीने बाळाचा फोटो पाठवला. नाक तुझ्यावर गेलंय, म्हणजे रुबाबही जाणार. तू तिच्याकडे गेलीस तरी इथे सगळं ठीक. दूध उतू घालवायचं काम मी रोज नेमाने करतो.

परवा जीप जंगलात काढली. पुढे उतरून वाट दाखवायला तू नाहीस, म्हणून गॅरेजवाल्याला बरोबर घेतलं. माणूस भला, पण ओढ्याजवळ माझ्याकडे तोंड करून ओरडला, “डावीकडे घ्या!” डावं कुणाचं, त्याचं की माझं? मी माझं घेतलं आणि मागचं चाक चिखलात रुतलं. तू कधी डावं-उजवं म्हणत नाहीस. खडकाकडे, झाडाकडे म्हणतेस. आणि आपली ती वृत्तं! उभा उतार आला, की तू खालून हाक द्यायचीस, “मंदाक्रांता!” मी सगळ्यात खालचा गिअर टाकायचो आणि जीप गर्भारणीसारखी जपून उतरायची. चिखल आला, की “भुजंगप्रयात!”, म्हणजे स्टिअरिंग नागमोडी हलवत निघायचं. शाळेत याच वृत्तांपायी मी छड्या खाल्ल्या, पण तुझ्या तोंडून ती ऐकताना सगळं रान चालीत म्हटल्यासारखं वाटायचं. परवाही सवयीने मीच ओरडलो, “भुजंगप्रयात!” तर गॅरेजवाला एका उडीत बॉनेटवर. म्हणतो, “काका, कुठाय भुजंग?” त्याला खाली उतरवेपर्यंत माझी हसून हसून पुरेवाट झाली.

पण चाक रुतलं त्यात सगळा दोष त्याचा नव्हता. माझा डावा पाय क्लचवर आहे की नाही, तेच मला कळेना. वाकून बघावं लागलं. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. पायाच्या नसा थकल्यात, आता गाडी चालवायची नाही, म्हणाले. फोनवर सांगितलं असतं, तर तू “पुरे झालं ते जंगल” म्हणून विषय मिटवला असतास. म्हणून लिहितोय. जीप काढून टाकू या असं म्हणू नकोस. बाळाचं जरा मार्गी लागलं, की ये आणि तू चालव. क्लच कडक आहे, बंद पडेल, पडू दे. इतकी वर्षं तुला मी चिखल उडालेल्या काचेतूनच पाहिलं, तेही एक डोळा वाटेवर ठेवून. आता शेजारी बसून, वाटेची फिकीर न करता, नुसतं तुझ्याकडे बघत जायचंय.

तुझाच,
माजी ड्रायव्हर