हाफ टाइमनंतर माझ्याकडे

४ ऑगस्ट, सोमवार
बास्केटबॉलची प्रॅक्टिस सुरू. सकाळी सहा म्हणजे सहा, असं ग्रुपवर तीनदा टाकलं आणि स्वतः सहा वाजून दहाला पोचले. हुडकेश्वरच्या घरून स्कूटी काढेपर्यंत आईचं "दोन घास खाऊन जा" काही संपत नाही. आमच्या कोच सरांनी घड्याळाकडे पाहिलं, बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तिसरं वर्ष, शेवटचं. कॅप्टन मीच. आमचं कॉलेज साखळी सामन्यांच्या पुढे कधी गेलेलं नाही. यंदा जायचंच.

ग्राउंड तसंच. एका टोकाला रिंग, तिच्यामागे कडुनिंब. दुसऱ्या टोकाला नुसता खांब. त्याचा बोर्ड दोन वर्षांपूर्वी वादळात पडला तो पडलाच. आज नव्या बोर्डासाठी चौथा अर्ज दिला. तोवर सगळी प्रॅक्टिस अर्ध्या कोर्टवर, कडुनिंबाकडे तोंड करून.

नव्या मुलींत एक प्रणाली. फर्स्ट इयर, कामठीहून पहाटेची बस धरून येते. किडकिडीत, तोंडातून शब्द नाही. बॉल हातात दिला की कुठूनही टाकते आणि आत. सातातले सात. आमची उंचाडी फरहीन म्हणाली, "काय बे, पोट्टी आहे का मशीन?" मी म्हटलं, नजर लावू नकोस.

२३ ऑगस्ट, शनिवार
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, अर्धं शहर रस्त्यावर, म्हणून प्रॅक्टिसला सुट्टी. बॉलमध्ये हवा भरायची होती म्हणून ग्राउंडवर गेले तर प्रणाली एकटीच. बस अडकली म्हणून इतवारीपासून चालत आलेली! सुट्टीचा मेसेज मिळालाच नाही, फोन वडिलांकडे असतो.

मग दोघीच दीड तास खेळलो. तिला अंगानं खोटं वळायला शिकवलं. दुसऱ्याच खेपेला तिनं मलाच चकवलं. जाताना म्हणते, "ताई, तुमी लै रागावता. पण शिकवता मस्त." इतक्या दिवसांनी तोंड उघडलं तर हे!

१९ सप्टेंबर, शुक्रवार
गेला गुडघा. उडी मारली, खाली येताना पाय आत वळला. डॉक्टर म्हणाले लिगामेंट, दीड-दोन महिने पट्टा, खेळणं बंद. म्हणजे सीझनच बंद. आईसमोर हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले.

संध्याकाळी सर घरी आले. चहा घेतला. "बाकावर बसून स्कोअर लिहायचा. कॅप्टन तूच." माझ्या जागी प्रणाली खेळणार, माझीच सात नंबरची जर्सी घालून. बरोबरच आहे. तरी जर्सी द्यावीशी वाटेना, खोटं कशाला लिहू.

बाकावर स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
पहिली मॅच. गटात चार कॉलेजं, आमच्या तीन मॅच, दोन जिंकल्या तर पुढे. हाफ टाइमला २६–१७, त्यातले चौदा प्रणालीचे. मी इतकी खूश की गुडघ्याचं दुःख विसरले.

हाफ टाइमनंतर बाजू बदलतात. आधी ज्या रिंगमध्ये टाकत होतो ती आता आपण राखायची. हे काय सांगायला लागतं? प्रणालीनं बॉल घेतला आणि सुटली, उलट्या दिशेनं. वाटलं, वळेल. समोर कोणीच नाही, अडवणार कोण? सुरेख उचलला बॉल, अलगद आत. आपल्याच रिंगमध्ये. वळून हात उंचावून हसली.

अख्खं ग्राउंड हसलं. असे दोन पॉइंट नियमानं समोरच्या कॅप्टनच्या नावावर लिहायचे असतात. माझ्याच हातानं लिहिले. त्यानंतर प्रणालीच्या हातात बॉल टिकेना. ४१–४२. एका पॉइंटनं हरलो.

आणि मग मी. सगळ्यांसमोर. "डोळे कामठीलाच ठेवून आलीस का? त्यापेक्षा घरीच बस!" फरहीननं दंड धरला तरी थांबले नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. प्रणालीनं टी-शर्टवरची जर्सी काढली, नीट घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि बसकडे गेली.

जर्सी बॅगेत आहे. धुवायची राहिलीय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
तीन दिवस प्रणाली नाही. फोन बंद. सरांना म्हटलं, चूकच तशी होती, कोणीही चिडलं असतं. सर बॉल पुसत होते.

"फर्स्ट इयरला तूही गेली होतीस उलटी. सरावाच्या मॅचला."

मी? शक्यच नाही!

"तुझा बॉल रिंगला लागून बाहेर आला, म्हणून कोणाच्या लक्षात नाही. तिचा नेम चांगला."

घरी येऊन आठवत बसले. खरंय, गेले होते. लाल मातीचं ग्राउंड होतं. सर तेव्हा एवढंच म्हणाले होते की पाणी पी. ओरडले असते तर आयुष्यभर लक्षात राहिलं असतं. माझं मी विसरून गेले, आणि तिला मात्र

पुढे लिहवत नाही. उद्या कामठी.

१८ ऑक्टोबर, शनिवार
आई नको म्हणत होती, पट्टा बांधून शेअर ऑटोत बसले. दिवाळीची गर्दी, माझ्या पायावर कोणाची तरी पणत्यांची टोपली. कामठीत दोनदा चुकून तिसऱ्यांदा गल्ली सापडली.

घरात तळणाचा वास. तिचे वडील आधी मागावर होते, आता गोदामात काम करतात. त्यांनीच खुर्ची दिली. "बस बेटा. पाय दुखून राहिला असंन. पोट्टी चार दिवसांपासून धड जेवून नाही राहिली. म्हणते, दिवाळीनंतर कॉलेज बदलतो, इथंच कामठीत पाहतो. मी म्हणलं, मागावर धागा तुटला तं गाठ मारून पुढं विणते माणूस, माग थोडाच मोडते? ऐकतच नाही."

आतून प्रणाली, "बाबा, काहून सांगता जी?"

ती शंकरपाळे कापत बसली होती. मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, माझं चुकलं. तुझ्यापेक्षा मोठी चूक माझी. मग माझी उलट्या दिशेनं पळण्याची गोष्ट सांगितली. तिनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"खरंच का?"

"सरांना विचार."

मग हळूच म्हणाली, "ताई, तिकडच्या रिंगमागं बी कडुनिंब होता. मले वाटलं, थेच आपली."

अडीच महिने आम्हीच तिला कडुनिंबाकडे पळवलं. एकाच रिंगवर वाढवलं आणि वर म्हणालो, डोळे कुठेत? रिंग आहे ना एक, चालतं, असं दोन वर्षं मीच म्हणत आले. अर्ज दिला की झालं माझं काम.

परातीत कच्च्या शंकरपाळ्यांचं कोर्ट मांडलं. दोन रिंगा, दोन बाक. म्हटलं, झाड विसर. मला बघ. आपला बाक दोन्ही हाफात इथंच असतो. आधी माझ्यापासून लांबच्या रिंगकडे पळायचं. हाफ टाइमनंतर माझ्याकडे.

"मंजे तुमी दिसल्या का तिकडंच यायचं?"

"हो. माझ्या अंगावर आलीस तरी चालेल."

हसली थोडी. येते म्हणाली नाही. तिच्या आईनं डबा भरून शंकरपाळे दिले. जर्सी धुऊन नेली होती, ती परातीशेजारी ठेवून आले. गुडघा सुजलाय.

२७ ऑक्टोबर, सोमवार
सहा. नाही आली. सव्वासहा. फरहीन म्हणाली, "गेट की तरफ देखके गेट नहीं खुलता, यार." साडेसहा. सरांनी सुरू करायला सांगितलं.

पावणेसातला आली! बस पंक्चर. जर्सी घालूनच आली, सगळ्यांना कळावं म्हणून. फरहीननं फक्त बॉल फेकला. मला भरून आलं, बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

रिकाम्या खांबावर फरहीनच्या अब्बांच्या स्कूटरचा जुना टायर बांधला. सर शिडी धरून उभे. तीन महिन्यांपूर्वी हे डोक्यात का आलं नाही कोणास ठाऊक. आता पूर्ण कोर्ट. मी खुर्ची टाकून टायरच्या बाजूला, आणि सरांनी शिट्टी मारली की प्रणाली माझ्याकडे. बावीस वेळा. एकदाही चुकली नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार
दुसरी मॅच. पहिल्या हाफात झकास खेळली. हाफ टाइमला माझ्या शेजारी येऊन बसली ती उठेचना.

"प्रणाली, चल."

"मी नाही जात, ताई. सगळे पाहून राहिले."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेच्या टोकावर काय काय आलं होतं, गिळलं सगळं. म्हटलं, बरं, बस. फरहीननं जिवाच्या आकांतानं खेळून तीन पॉइंटनी जिंकून दिलं. तिच्या पोटऱ्या भरून आल्या. मंगळवारची तिसरी मॅच ती एकटी ओढू शकणार नाही, हे तीही जाणते.

बाकावर प्रणाली माझा स्कोअर बघत होती. मधेच म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी इथं कोण बसंन?" फाउल लिहायचा होता, तो लिहिला.

४ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ
आज तिसरी. जिंकलो तर कॉलेज पहिल्यांदा पुढे. हरलो तर माझं बास्केटबॉल इथंच संपलं, यंदा एकही मॅच न खेळता. रात्रभर हाच हिशोब. पण पहाटे डोळे उघडल्यावर पहिला विचार आला तो प्रणालीचा, ती उठेल का? पुढे जाण्याचा नंतर. मलाच नवल वाटलं.

आईनं संत्री दिलीत, सगळ्यांसाठी. ही वही बॅगेत टाकतेय.

हाफ टाइम, बाकावरून
२२–२५. मागे आहोत. फरहीन तिसऱ्या फाउलवर, पाचव्याला बाहेर. कडुनिंब त्याच रिंगमागे, पहिल्या मॅचचं तेच ग्राउंड.

प्रणाली शेजारी. संत्र्याची एकेक फोड काढून हातात धरलीय, खात नाही. मी काही बोलले नाही. सरही नाहीत. समोरच्या मुली आत गेल्या. कडेच्या पोरींपैकी कोणीतरी ओरडलं, "ए कामठी, रिंग इकडे गं!" आणि हशा.

प्रणालीनं फोडी माझ्या हातात दिल्या. उठली. स्वतः उठली!

दोन पावलं गेली आणि परत आली. "ताई, तुमी उठू नका हां. काही बी झालं तरी. तुमी उभ्या राहिल्या, हल्ल्या, तं मी चुकन."

नाही उठणार म्हटलं.

शिट्टी झाली. बॉल तिच्याकडेच. क्षणभर कडुनिंबाकडे पाहिलं तिनं, आता मान वळवली, मला शोधतेय. ओरडावंसं वाटतंय, उडी मारावीशी वाटतेय, संत्र्याच्या रसानं वही चिकट झालीय. मी बसलेय.