शुक्रावरचा उकाडा

हेब्बाळ, बेंगळुरू
२ एप्रिल २०२५

चि. आश्लेषा हिस,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. तुम्हा सर्वांचीही तशीच असावी. तळ्याकाठचे सकाळचे फिरणे चालू आहे. पाणी बरेच खाली गेले आहे. हे पत्र मी चौथ्यांदा लिहावयास घेतले आहे, तेव्हा अक्षर नेहमीसारखे नसल्यास तेवढे समजून घ्यावे.

चि. रक्षितेने परवा दूरध्वनीवर विचारले, "आजोबा, बुध सूर्याच्या सगळ्यात जवळ आहे, मग शुक्र त्याच्यापेक्षा गरम कसा?" मी "लिहून कळवतो" म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "तुमचं टपाल येईपर्यंत मी पुढच्या इयत्तेत जाईन." तरीही लिहितो. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तीस वर्षे भट्ट्यांवर काढलेल्या माणसाला हा प्रश्न असाच सोडून देता येत नाही.

भट्टी किती तापेल हे केवळ जाळावर ठरत नसते. आत आलेली उष्णता बाहेर किती जाऊ शकते, यावरही ठरते. बुधाला हवेचे पांघरूण जवळजवळ नाहीच. दिवसा तेथील जमीन चारशे तीस अंशांपर्यंत तापते आणि रात्री शून्याखाली एकशे ऐंशीपर्यंत उतरते. शुक्रावर मात्र कार्बन डायऑक्साइडचे जाड, जड वातावरण आहे. ढग इतके दाट की बहुतेक सूर्यप्रकाश वरूनच परततो. जो थोडा खाली पोहोचतो तो जमीन तापवतो; तापलेली जमीन ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने परत फेकते, आणि ते वातावरण त्यांना सहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तेथे दिवस असो, रात्र असो, ध्रुव असो, सर्वत्र साडेचारशेच्या वर.

थोडक्यात, बुधावर ऊन आहे. शुक्रावर सेके आहे.

येथपर्यंतचा मजकूर चि. रक्षितेला वाचून दाखवावा. पुढील तुझ्यासाठी आहे.

माझ्या अक्षरात 'सेके' हा शब्द पाहून तू थबकली असशील. तुझ्या आईचे माहेर पिढ्यान्‌पिढ्या येथलेच. घुसमटवणाऱ्या उकाड्याला ती मंडळी कन्नडातले सेके म्हणत, थोड्याला स्वल्प आणि बरे-ला सरी. मी पुण्याहून आलेला. बेचाळीस वर्षे मी तिचे शब्द दुरुस्त करीत राहिलो. वसतिगृहातून येणारी तुझी पत्रेसुद्धा मी लाल शाईने शुद्ध करून परत पाठवीत असे. दुसऱ्या वर्षी ती येणे थांबले. कारण मी विचारले नाही.

अलीकडे एका जागी बसवत नाही. तापमापक घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरतो आणि आकडे टिपून ठेवतो. त्यांचे पुढे काय करावयाचे, हे माहीत नाही. काल स्वयंपाकाच्या अंबुबाई म्हणाल्या, "अण्णा, घराला ताप आलाय काय? मग माझ्या काखेतपण लावून बघा की." आणि पोळी लाटता लाटता पुढे म्हणाल्या, "खिडकी उघडा की स्वल्प." मी गच्चीवर गेलो आणि भर उन्हात बराच वेळ उभा राहिलो.

तेराव्या दिवशी तू मला विचारले होतेस, "आई शेवटचं काय म्हणाली?" मी म्हणालो, "काही नाही." तू माझ्याकडे पाहिलेस आणि बॅग भरावयास गेलीस. तेव्हापासून दूरध्वनी रक्षिता करते. तू मागून "जेवले का, विचार" एवढेच बोलतेस. मला ते ऐकू येते.

काही नाही, हे खोटे होते.

त्या दुपारी मी खिडकी लावून घेऊन मराठी मंडळाच्या स्मरणिकेची मुद्रिते तपासत होतो. तुझी आई दारात आली. म्हणाली, "अहो, फार सेके होतंय. खिडकी उघडा की स्वल्प." मी मान वर न करता म्हणालो, "उकाडा म्हण, मथुरा. सेके मराठी नाही." ती "सरी," म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली. मी आणखी अकरा पाने तपासली. नंतर चहासाठी हाक मारली.

डॉक्टरांनी विचारले, घाम आला होता का, गुदमरतंय असे म्हणाल्या होत्या का. त्यांनाही मी "नाही" म्हणालो. भट्टीच्या दारातून नुसत्या रंगावरून तापमान सांगणारा माणूस मी. त्या दुपारी मान वर केली असती, तर. हे वाक्य चारही मसुद्यांत येथेच थांबले आहे.

वर्षश्राद्ध चैत्र वद्य चतुर्थीस आहे. तू यावेस असे मला वाटते. ये, असे सांगण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, ते तू ठरव. येणार असलीस तरी लिही, नसलीस तरी लिही. रागाने लिही, निम्मे कन्नडात लिही, ऱ्हस्वदीर्घ न पाहता लिही. मी ते दुरुस्त करणार नाही.

सरी.

तुझे बाबा