किमयाच्या मुलाखतीआधी

बंगळूरच्या नोकरीसाठी किमयाची मुलाखत आज दुपारी इंटरनेटवरून होती. काल सरावाच्या कॉलमध्ये तिचा आवाज सारखा तुटत होता, तेव्हा तिचा नवरा अमोघ बोलून गेला, "बरंच झालं, जायलाच नको!"

सकाळी लवकर उठून त्याने तिचा लिनक्सचा लॅपटॉप उघडला. बिघाड सापडला, तोवर त्याच्या कंपनीच्या बसची वेळ झाली होती. त्याने घाईघाईने कीबोर्डवर चिठ्ठी ठेवली.

किमया,

राउटर ठीक आहे, रेंजही आहे. वायफाय कार्डच बॅटरी वाचवायला मधूनमधून डुलकी घेत होतं, म्हणून नेट रखडत होतं. ते वीज वाचवणं मी बंद केलंय. आता व्हिडिओ अडकत नाही. फक्त लॅपटॉप रीस्टार्ट करू नकोस, नाहीतर ते पुन्हा सुरू होईल. केलासच, तर स्क्रीनला चिकटवलेल्या कागदावरची ओळ टर्मिनलच्या काळ्या खिडकीत जशीच्या तशी टाईप कर.

दुपारी बोअरची मोटर लावू नका, आवाज होतो, असं घरमालक गेणबाकाकांना सांगितलंय. म्हणाले, "पोरीचं काम हाय व्हय? मग न्हाई लावत."

पोहे झाकून ठेवलेत. उपाशी बसू नकोस.

बंगळूरला यायला घरच्यांची हरकत नाही ना, असं मुलाखत घेणारे विचारतील. कालचं माझं बोलणं मनात आणू नकोस. हरकत नाही म्हणून बिनधास्त सांग. ते खरं व्हायला मला थोडे दिवस लागतील, पण होईल.

अमोघ